नवजात कक्षातील परिचारिका : एका पित्याच्या कृतज्ञतेचा अर्थ

रुग्णालयाच्या अभिप्राय वहीत वर्षभर निरनिराळ्या नोंदी होत असतात. शस्त्रक्रियेनंतर बरे होऊन घरी जाणारे रुग्ण शल्यचिकित्सकांचे आभार मानतात, कोणी स्वच्छतेविषयी लिहितात, कोणी बिलात मिळालेल्या सवलतीविषयी समाधान व्यक्त करतात. नवजात शिशु कक्षातून बाळ घेऊन घरी जाणारे आई-वडील मात्र बहुधा परिचारिकेविषयी लिहितात. पुष्कळदा त्यांना तिचे नावही ठाऊक नसते. ‘रात्रीच्या सिस्टर’, ‘चष्म्याच्या सिस्टर’ अशी ओळख त्यांना पुरेशी वाटते.

माकणी परिसरातील एका शेतकरी पित्याने अशीच एक नोंद केली आहे. त्याचे बाळ मुदतीच्या सुमारे दोन महिने आधी जन्मले होते. नोंद साधी असून तीत चार गोष्टींचा उल्लेख आहे. सिस्टरने हात नीट धुवायला शिकवून बाळाला स्पर्श करू दिला आणि पुढे आईच्या छातीशी बाळ बांधून दिले. आईला आलेले चमचाभरही नसलेले दूध तिने वाया जाऊ दिले नाही. बाळ वाचेल का, असे विचारल्यावर तिने खोटा धीर दिला नाही आणि आशाही तोडली नाही. आणि रात्री केव्हाही काचेतून पाहिले, तरी ती बाळापाशी जागी दिसली. कक्षातील कोणत्याही यंत्राचा या नोंदीत उल्लेख नाही.

देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांनी ही नोंद बारकाईने वाचावी असे आम्हांस वाटते. या पित्याने ज्या चार गोष्टी दयाभाव म्हणून नोंदविल्या, त्या चारही वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने उपचारच आहेत. त्या कशा, आणि त्या नित्य घडाव्यात म्हणून संस्थेला कशाची तजवीज करावी लागते, हे स्पष्ट करण्यासाठी हा लेख आहे.

कमी दिवसांच्या बाळाची गरज

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात, आणि जन्माच्या वेळी अडीच किलोपेक्षा कमी भरणारे बाळ कमी वजनाचे गणले जाते. अशा बाळाची अडचण केवळ लहान चणीची नसते. आईच्या उदरात जी कामे आपोआप होत होती, ती बाहेर आल्यावर स्वतः करण्याची त्याच्या शरीराची तयारी झालेली नसते.

पहिली अडचण उबेची. त्वचेखाली चरबीचा थर नसतो आणि वजनाच्या मानाने अंगाचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे अंगातील ऊब झपाट्याने निघून जाते. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे लागते. ते खाली गेले की साखर उतरते, श्वास अडखळतो आणि एका अडचणीतून दुसरी उद्भवते. आपल्या भागात उन्हाळा कडक असतो म्हणून बाळ गार पडणार नाही, हा समज खरा नाही. ओल्या अंगाचे, उघडे बाळ वैशाखातही गारठते.

दुसरी अडचण श्वासाची. मेंदूतील श्वासाचे केंद्र परिपक्व नसल्याने अशी बाळे मध्येच श्वास घेणे विसरतात. असा खंड २० सेकंदांहून अधिक लांबला तर तो धोक्याचा मानतात. तिसरी अडचण दुधाची. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधीच्या बाळाला दूध नळीने, थेंब मोजून द्यावे लागते. चौथी अडचण जंतुसंसर्गाची असून तिच्यावरील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे धुतलेले हात.

या बाळांच्या बाबतीत मोजमाप किती काटेकोर असावे लागते, याचे एक उदाहरण पुरे आहे. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारणतः ८० ते ९० मिलिलिटर असते. चहाच्या एका कपात मावेल एवढ्या या रक्तातून तपासणीसाठी प्रत्येक थेंब विचारपूर्वक घ्यावा लागतो.

दयाभावात दडलेला उपचार

आता त्या पित्याच्या नोंदीकडे वळू. पहिला उल्लेख स्पर्शाचा आहे. पूर्वी नवजात कक्षात आई-वडिलांना प्रवेश नसे, बाळ काचेतून पाहावे लागे. कोलंबिया देशातील बोगोटा येथे १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी उबेच्या पेट्या अपुऱ्या पडत असल्यामुळे बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत बाळगते, त्यावरून या पद्धतीला ‘कांगारू मातृसेवा’ असे नाव पडले. अडचणीतून निघालेला हा मार्ग पुढे अधिक हिताचा ठरला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बालकांचा समावेश होता. बाळाची प्रकृती स्थिर होईपर्यंत न थांबता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केली, तर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात, असे त्यात दिसून आले. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशींत तसा बदल केला.

परंतु नळ्या लावलेले बाळ आईच्या छातीशी ठेवणे हे सोपे काम नाही. आई भ्यालेली असते, तिचे टाके दुखत असतात, बाळाला आपल्या हातून इजा होईल असे तिला वाटत असते. परिचारिका शेजारी बसून बाळाची मान कशी ठेवावी, वस्त्र कसे बांधावे, श्वासाकडे लक्ष कसे ठेवावे हे दाखवते, तेव्हाच आईच्या मनातील भीती जाते. आई थकली तर वडीलही बाळाला अशी ऊब देऊ शकतात. पहिल्यांदा संकोचणारे शेतकरी वडील दुसऱ्या दिवशी स्वतःहून सदऱ्याची बटणे काढून बसतात.

दुसरा उल्लेख दुधाचा आहे. प्रसूतीनंतर पहिल्या दिवसांत येणारे पिवळसर चीक दूध अत्यल्प असते. ते पाहून आई खंतावते आणि घरची वडीलधारी मंडळी वरच्या दुधाचा आग्रह धरतात. कमी दिवसांच्या बाळाच्या कोवळ्या आतड्यांना मात्र आईचेच दूध मानवते. वरच्या दुधाने आतड्यांच्या गंभीर आजाराचा धोका वाढतो. आपल्या राज्यात याचे महत्त्व फार लवकर ओळखले गेले. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. जिथे अशी पेढी नाही, तिथे परिचारिकाच आईपाशी बसून दूध हाताने काढायला शिकवते, वाटीतील दोन-तीन मिलिलिटर दूध जपून नेते आणि नळीतून बाळाच्या पोटात पोहोचवते. ते दूध बाळाच्या पोटात गेलेले आईला दिसले की तिचा पान्हा वाढतो, हा आमच्या परिचारिकांचा नित्याचा अनुभव आहे.

तिसरा उल्लेख खऱ्या बोलण्याचा आहे. सगळे ठीक होईल, असे म्हणणे सर्वांत सोपे असते. ते खरे ठरले नाही तर कुटुंबाचा विश्वास कायमचा जातो. उलट नुसते आकडे सांगितले तर घरची मंडळी बाळाला अर्ध्या उपचारावर घरी नेण्याचा विचार करू लागतात. आज बाळाने किती दूध पचविले, वजन किती ग्रॅमने वाढले वा घटले, पुढील दोन दिवसांत आपण कशाची वाट पाहत आहोत, अशा साध्या भाषेत रोज सांगितलेली खरी हकिगत कुटुंबाला धरून ठेवते. आजींनी मध किंवा जन्मघुटी चाटविण्यासाठी आणली, तर त्यांचा अवमान न करता, “आजी, बाळाला अजून गिळता येत नाही, श्वासात जाईल,” असे समजावणे हाही उपचारच आहे. रागावून सांगितलेली गोष्ट पाठीमागे मोडली जाते, पण आदराने सांगितलेली बहुधा पाळली जाते.

चौथा उल्लेख जागण्याचा आहे. यंत्र श्वास थांबल्याची सूचना देते, पण बाळाच्या तळव्यावर हलकेच टिचकी मारून श्वास पुन्हा सुरू करते ती परिचारिका. प्राणवायू कमी पडला तर मेंदूला धोका असतो. तो प्रमाणाबाहेर गेला तर कमी दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाला इजा होऊन अंधत्व येऊ शकते. म्हणून प्राणवायू घेणाऱ्या अशा बाळाच्या रक्तातील त्याचे प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवावे लागते आणि जन्मानंतर महिन्याभराच्या आत डोळ्यांची तपासणी करून घ्यावी लागते. ही कसरत रात्रभर चालते. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचा भाग्यलेख लिहिते, अशी श्रद्धा आहे आणि घरातील स्त्रिया त्या रात्री जागरण करतात. नवजात कक्षातील बाळांच्या वाट्याला ती घरची पाचवी येत नाही. त्यांच्या उशाशी तापमान, श्वास, नाडी, दूध आणि लघवी यांची वेळेवर नोंद लिहीत बसलेली परिचारिका असते. तिच्या त्या तक्त्यावरूनच सकाळी डॉक्टर पुढील उपचार ठरवितात.

या सेवेची परंपरा

परिचारिकेचे काम आपल्या समाजात सुरुवातीपासून सन्मानाचे नव्हते. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली, तेव्हा अनेक घरांतून विरोध झाला. परक्यांची सेवाशुश्रूषा हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, अशी तेव्हाची समजूत होती. त्या पहिल्या पिढ्यांच्या धैर्यामुळे आज माकणीसारख्या गावातील मुली परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण करून अभिमानाने या सेवेत येतात.

नवजात बालकाच्या शुश्रूषेत प्रशिक्षित स्त्रीचे हात काय करू शकतात, हे गडचिरोलीने जगाला दाखविले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ खेड्यांत अल्पशिक्षित स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तींमार्फत घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम सुरू झाला. राज्यातील नवजात मृत्यूंचे प्रमाण २०२० च्या नमुना नोंदणीनुसार हजारी ११ होते, त्या वर्षी देशाचे प्रमाण हजारी २० होते. या यशात अशा असंख्य अनाम स्त्रियांचा वाटा आहे.

धैर्याचे उदाहरण पाहावयाचे तर मुंबईच्या कामा रुग्णालयातील परिचारिका श्रीमती अंजली कुलथे यांचे देता येईल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी रुग्णालयात शिरले, तेव्हा त्यांच्या कक्षात २० गरोदर स्त्रिया होत्या. त्यांनी दारे बंद करून त्या सर्वांना आतील लहान खोलीत सुरक्षित ठेवले आणि त्यांतील एकीला प्रसूतीच्या वेणा सुरू झाल्यावर अंधारातून भिंतीच्या आधाराने प्रसूतिगृहात पोहोचविले. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोरही आपला अनुभव मांडला. आमच्या भागालाही हाताच्या मदतीचे मोल नव्याने सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे कोसळली, तेव्हा ढिगाऱ्यापाशी यंत्रांच्या आधी माणसांचे हातच पोहोचले होते.

हिशेबाची बाजू

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यामुळे कृतज्ञतेच्या या विषयाकडेही आकड्यांतून पाहण्याची सवय सुटत नाही. विश्वस्त मंडळापुढे आम्ही हा साधा हिशेब ठेवू इच्छितो.

शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार विशेष नवजात कक्षात प्रत्येक पाळीला तीन ते चार खाटांमागे एक परिचारिका असावी. बारा खाटांचा कक्ष धरला तर किमान मानाने प्रत्येक पाळीला तीन परिचारिका हव्यात. दिवसाच्या तीन पाळ्या म्हणजे नऊ, आणि आठवड्याच्या ६३ पाळ्या होतात. एक परिचारिका आठवड्यात सहा पाळ्या करते. म्हणजे कोणीही रजेवर नाही, कोणीही आजारी नाही, असे गृहीत धरले तरी अकरा परिचारिका लागतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरले म्हणजे ही संख्या आणखी वाढते.

आता एका पाळीकडे पाहू. दर दोन तासांनी दूध द्यावयाचे असेल तर आठ तासांत प्रत्येक बाळाला चार वेळा दूध द्यावे लागते. हात धुणे, नळीची जागा तपासणे, दूध देणे आणि नोंद करणे यांस पंधरा मिनिटे धरली, तर चार बाळांसाठी चार तास लागतात. पाळीचे उरलेले चार तास औषधे, तापमान, स्वच्छता, आई-वडिलांशी बोलणे आणि कांगारू सेवेसाठी आईला मदत करणे यांसाठी मिळतात. परिचारिकांची संख्या तीनवरून दोनवर आली की प्रत्येकीकडे सहा बाळे येतात आणि केवळ दुधासाठी सहा तास खर्ची पडतात. उरलेल्या दोन तासांत औषधे आणि तापमान टाळता येत नाही. मग टळते ते आईपाशी बसणे, वडिलांना समजावणे, बाळ छातीशी बांधून देणे. परिचारिकेच्या मनातील दया तेवढीच असते, पण तिला द्यावयाचा वेळ तिच्यापाशी नसतो. त्या पित्याने नोंदविलेल्या चार गोष्टींपैकी निदान तीन या उरलेल्या तासांतच घडत असतात.

ताळेबंदाच्या भाषेत बोलावयाचे तर यंत्र हे मालमत्तेच्या बाजूस दिसते आणि परिचारिकेचे वेतन खर्चाच्या बाजूस. दात्याच्या नावाची पाटी यंत्रावर लावता येते, वेतनावर लावता येत नाही. म्हणून यंत्रांसाठी देणगी तुलनेने सहज मिळते. त्या देणग्यांचे मोल आम्ही जाणतो, कारण उबेची पेटी आणि प्राणवायूमापक यांच्यावाचून हा कक्ष चालूच शकत नाही. तथापि यंत्राला दरवर्षी घसारा लागतो, आणि नवजात कक्षात पाच वर्षे काम केलेल्या परिचारिकेचे मोल दरवर्षी वाढत जाते. बाळाचा रंग किंचित फिकट झाला, ते आज नेहमीपेक्षा सुस्त आहे, दूध पोटात राहून जात आहे, ही जंतुसंसर्गाची पहिली चिन्हे अनुभवी डोळ्यांना कित्येक तास आधी कळतात. अशी परिचारिका अधिक वेतनासाठी मोठ्या शहरात गेली की त्या हानीची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही, पण हानी होतेच.

नातेवाइकांसाठी थोडे

नातेवाइकांनी या सेवेत सहभागी व्हावे, असे आता शासनाचेही धोरण आहे. नवजात कक्षात कुटुंबाच्या सहभागासंबंधी केंद्र शासनाने २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार आई-वडिलांना हात धुणे, बाळाची स्वच्छता, दूध देणे, कांगारू सेवा आणि धोक्याची लक्षणे शिकविली जातात. त्यामुळे घरी गेल्यावर त्यांचा गोंधळ होत नाही. बाळाला कधी घ्यावे, कधी थांबावे याविषयी परिचारिका सांगते ते नियम बाळाच्या रक्षणासाठी असतात. भेटीस येणाऱ्यांची गर्दी टाळणे, आईच्या खाण्यापिण्याची आणि विश्रांतीची काळजी घेणे, आईला दोष न देणे, या तीन गोष्टी घरच्या मंडळींनी पाळल्या तरी उपचारांस मोठा हातभार लागतो.

घरी गेल्यावर बाळ दूध ओढत नसेल, हातपाय गार लागत असतील, श्वास मिनिटाला ६० पेक्षा अधिक होत असेल, छाती आत ओढली जात असेल, अंग पिवळे पडत असेल किंवा झटके येत असतील, तर सकाळची वाट न पाहता बाळाला छातीशी घेऊन, झाकून रुग्णालयात आणावे. यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते. शासकीय रुग्णालयांत आजारी नवजात बालकांवर मोफत उपचारांची सोय २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत आहे. खर्चाच्या भीतीने कोणीही उशीर करू नये.

विनंती

देणगीदार बंधू-भगिनींना आमची नम्र विनंती आहे की, पुढील वर्षी देणगी देताना यंत्रांबरोबरच नवजात कक्षातील परिचारिकेच्या वेतनाचा, तिच्या प्रशिक्षणाचा, आणि बाळापाशी राहणाऱ्या मातेच्या भोजन-निवासाचा विचार करावा. एखाद्या कुटुंबाने घरातील बाळाच्या वाढदिवसानिमित्त एका रात्रपाळीचा खर्च उचलला, तरी त्या रात्री चार बाळांपाशी जागणारे एक अनुभवी माणूस उपलब्ध होते. विश्वस्तांना विनंती अशी की, अंदाजपत्रकात काटकसर करण्याची वेळ आली तर परिचारिकांच्या मंजूर पदांना सर्वांत शेवटी हात लावावा.